दोन माणसांची गाडी आणि मन्ननूरचा घाट

हैदराबादच्या जुन्या मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडे सगळी चर्चा निजामांच्या पिवळ्या रोल्स रॉइसवर जाऊन थांबते. सहाव्या निजामांनी, म्हणजे महबूब अली पाशांनी, मागवलेली ती सिंहासनवाली सिल्व्हर घोस्ट. ते १९११ साली गेले, गाडी नंतर आली, आणि पुढे ती मिरवणुकीपुरतीच बाहेर पडली. मला त्या गाडीबद्दल आदर आहे, पण जी फारशी चाललीच नाही तिच्यावर लिहायचं तरी किती? आज लिहितोय ते काचीगुड्यातल्या एका लहानशा, उघड्या टपाच्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाडीबद्दल. ही गाडी वीस-पंचवीस वर्षं नल्लमलाच्या जंगलात गेली, आणि तिथल्या मुख्य रस्त्यावर नव्हे, तर आतल्या बैलगाडीच्या वाटांवर.

गाडी होती आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांची. त्यांचं नाव लिहीत नाही, मुलांची तशी इच्छा आहे. जुन्या काचीगुडेकरांना सांगायची गरजही नाही.

ती एम.जी.ची टी.सी. मॉडेल. आजच्या मुलांना एम.जी. म्हटलं की २०१९ पासून गुजरातमधल्या हलोलच्या कारखान्यातून निघणारी उंच, बंद, पडदेवाली मोटार आठवते. माझा नातू तर मला दुरुस्तच करायला निघाला, ‘आजोबा, एम.जी. म्हणजे एसयूव्ही.’ नाव तेच आणि अष्टकोनी बिल्लाही तोच, पण मालक आता चिनी. मूळ अक्षरं ‘मॉरिस गॅरेजेस’ची, म्हणजे ऑक्सफर्डच्या एका गॅरेजची. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर हलक्या बॉड्या चढवून तरुण माणसाला परवडेल अशी वेगवान गाडी काढली. पुढे जवळच्याच ॲबिंग्डन गावी कारखाना झाला आणि तो १९८० साली बंद पडला.

टी.सी. १९४५ ते १९४९ या काळातली. सगळ्या मिळून दहा हजारांच्या आसपास निघाल्या, आणि सगळ्याच उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या, अमेरिकेला गेल्या त्यासुद्धा. इंजिन साडेबाराशे सी.सी.चं, ५४ अश्वशक्तीचं. आकडा ऐकून हसू नका. गाडीचं वजन आठशे किलोच्या आत होतं. बॉडीचा सांगाडा लाकडाचा, त्यावर पत्रा. पेट्रोलची टाकी मागे उघड्यावर, तिच्या मागे जादा चाक बांधलेलं. पेट्रोलचा काटा नाहीच, पेट्रोल संपत आलं की एक छोटा दिवा लागायचा. समोरची काच पुढे आडवी पाडता यायची. चाकं तारांची आणि चांगली १९ इंच उंचीची. या उंच चाकांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

‘स्पोर्ट्स कार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत रस्ता येतो. त्या काळी इंग्लंडात तसं नव्हतं. तिथे ‘ट्रायल’ नावाच्या स्पर्धा असत, लँड्स एंडची ट्रायल तर १९०८ पासूनची. डोंगरातल्या चिखलाच्या, दगडगोट्यांच्या चढाच्या वाटा निवडायच्या आणि न थांबता वर जायचं. गाडी मध्ये थांबली की गुण गेले. १९३० च्या दशकात एम.जी.च्या गाड्यांचा एक चमू ‘क्रीम क्रॅकर्स’ या नावाने यात गाजला. मागची चाकं घसरायला लागली की शेजारचा माणूस मागे सरकून अंग टाकून उड्या मारायचा, म्हणजे मागच्या चाकांवर वजन पडून पकड मिळायची. टी.सी. ही याच घराण्यातली. तेव्हा ती डोंगरात गेली यात तिच्या जातीविरुद्ध काही झालं नाही. जातीविरुद्ध म्हणायचं तर पुढे तिचं जे झालं ते, पण ते नंतर.

आता ती हैदराबादला आली कशी? गाडीच्या कागदांत पहिली नोंद एका जागीरदाराच्या मुलाची. किंमत हाली रुपयांत, आणि वर करोडगिरीचा शिक्का. तरुण वाचकांसाठी सांगतो, निजामाच्या राज्यात आपलं वेगळं चलन होतं, त्याला हाली म्हणायचे, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली. राज्याची स्वतःची जकातही होती, तीच करोडगिरी. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे गाडीच्या आधी मला त्या कागदांचंच जास्त कौतुक वाटलं होतं.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १९४९ साली जागिरी खालसा झाल्या. जागीरदाराच्या मुलाने गाडी विकली ती सरकारी बांधकाम खात्यातल्या एका मराठी इंजिनिअरला. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच उरलं नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड भाग म्हैसुरात, आणि आपण आंध्र प्रदेशात. आपल्यातल्या कितीतरी घरांत त्या वर्षी एकच प्रश्न होता, जायचं की राहायचं? नोकरदारांना तर निवड अशी नव्हतीच, यादी लागली की निघायचं. त्या महिन्यांत सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा या भागांत कपाटं, पलंग, सायकली, शिवणयंत्रं मातीमोल विकली गेली, असं माझी आई सांगायची. इंजिनिअरसाहेबांची यादी लागली. बायको, तीन मुलं, म्हातारी आई, आणि गाडी दोन माणसांची! डॉक्टरकाका राहणाऱ्यांपैकी. त्यांचे रोगी इथे होते. त्यांनी गाडी घेतली.

घेतली खरी, पण तिचे सुटे भाग कुठून आणणार? परदेशी गाड्यांची आयात तोपर्यंत जवळपास बंद झाली होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स, फोर्ड या नुसत्या जोडणी करणाऱ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. राहिल्या ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. टी.सी.चा साधा बोल्टही बाजारात मिळेना.

त्या बोल्टची तर खास कथा आहे. या इंजिनाचे आटे मेट्रिक, म्हणजे फ्रेंच मापाचे, आणि बोल्टचं डोकं मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाचं. कारण ज्या कारखान्यात हे इंजिन बनायचं तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, यंत्रसामग्री तिकडची. मॉरिसने तो विकत घेतला, यंत्रं तीच ठेवली, आणि इंग्लिश मेकॅनिकांना नवे पाने घ्यायला लागू नयेत म्हणून फक्त डोकी बदलली. याचा अर्थ बाजारातल्या इतर गाड्यांचा बोल्ट याला सहसा चालायचा नाही. नामपल्लीच्या मागे एका बोळात एक उस्ताद होते. त्यांनी पहिला बोल्ट हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, ‘डॉक्टरसाब, ये मिलता नै, बनाना पड़ता.’ मग लेथवर एकेक बोल्ट कातून काढला. शिक्षण मदरशातल्या चार वर्षांचं. मायक्रोमीटर जवळ होता, पण तो म्हणे गिऱ्हाइकाला दाखवायला.

१९६८ साली मी बी.कॉम.ला होतो. त्या नोव्हेंबरात लंडन ते सिडनी मोटार शर्यत निघाली होती, आपल्यातल्या काहींना आठवत असेल. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड, दिल्ली असं करत मुंबईला यायचं आणि तिथून बोटीने ऑस्ट्रेलिया. डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात भिंतीवर नकाशा लावलेला होता, रोज रेडिओची बातमी ऐकून ते टाचणी सरकवायचे. काबूल ते सरोबी हा टप्पा नव्या रस्त्याने नव्हे, तर जुन्या लताबंद खिंडीतून ठेवला होता, नुसती धूळ आणि धोंडे. जीन डेंटन नावाच्या बाई एम.जी.चीच ‘बी’ ही दोन माणसांची गाडी घेऊन निघाल्या होत्या, त्यामुळे काकांची सगळी सहानुभूती तिकडे. (याच बाई पुढे इंग्लंडात मंत्री झाल्या.) मुंबईला बहात्तर गाड्या पोचल्या. शेवटी शर्यत जिंकली ती अँड्र्यू कोवनने, हिलमन हंटर या अगदी घरगुती चार दारांच्या मोटारीने. मी काकांना चिडवलं, की पहा, बिऱ्हाडाची गाडी जिंकली. ते म्हणाले, ‘जिंकायला कोण निघालंय? पोचायचं आहे.’

पोचायचं कुठे, ते मला १९७६ साली कळलं.

तोपर्यंत मी बँकेत लागलो होतो आणि माझी बदली अचंपेटच्या शाखेत झाली होती. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ चं. त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत शाखा निघाल्या आणि आमच्यासारख्या शहरी पोरांना शेळ्या-मेंढ्यांच्या आणि विहिरीच्या कर्जाचे फॉर्म भरायला पाठवलं. अचंपेट तेव्हा महबूबनगर जिल्ह्यात. हैदराबादहून कडताल, कलवकुर्ती, मग निजामाच्या काळात बांधलेला दिंडीचा तलाव, असं करत जायचं. श्रीशैलमचा रस्ता तोच. आपल्या लोकांचं श्रीशैलमशी नातं जुनं आहे. मल्लिकार्जुन हे ज्योतिर्लिंग, आणि शिवाजी महाराज १६७७ साली भागानगरला कुतुबशहाला भेटून पुढे दक्षिणेत जाताना तिथे राहिले होते. मात्र महाराज कर्नूलच्या बाजूने गेले. आमचा घाट वेगळा, कृष्णेच्या उत्तरेचा. हाजीपूरहून चढायला लागलं की वर मन्ननूर, आणि तिथून अमराबादचं पठार सुरू होतं. एका बाजूला फरहाबाद, निजामाच्या काळातलं शिकारीचं ठिकाण. बाकी मैलोनमैल जंगल, वाघाचं, अस्वलाचं, आणि चेंचूंचं.

चेंचू ही जंगलात राहणारी जमात. कंद, मध, डिंक, शिकार यांवर जगणारी. त्यांच्या वस्तीला ‘पेंटा’ म्हणतात. फ्युरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञांनी १९४० च्या सुमारास त्यांच्यात राहून अभ्यास केला, १९४३ साली पुस्तक काढलं, आणि निजाम सरकारने त्यांच्या सांगण्यावरून पठारावर चेंचूंसाठी राखीव क्षेत्रही केलं. डॉक्टरकाकांनी ते पुस्तक वाचलं होतं. त्यांचं तिथे जाणं मात्र पुस्तकामुळे नव्हे, मलेरियामुळे. स्वातंत्र्यानंतर मलेरियाविरुद्ध मोठी मोहीम झाली, साठीच्या दशकात तो गेल्यासारखा वाटला, आणि सत्तरीत परत उसळला. १९७६ साली देशभरात चौसष्ट लाख रुग्णांची नोंद झाली. पठारावर दर पावसाळ्यानंतर माणसं थडथड कापायची. सरकारी फवारणीवाले मुख्य रस्त्याच्या गावांपर्यंत यायचे, आत पेंट्यांवर क्वचित.

काका महिन्यातून एका शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून निघायचे. क्लोरोक्विनच्या गोळ्यांचे डबे, इंजेक्शनं, गूळ-दाणे, आणि काकूंनी दिलेली दशम्यांची फडकी. १९७३ नंतर पेट्रोल भडकलेलं, तरीही. अचंपेटला आमचीही शनिवारी अर्धी सुट्टी. मला उचलायचे आणि आम्ही वर जायचो. मी हिशेबनीस, म्हणजे कोणाला किती गोळ्या दिल्या ते वहीत लिहायचं.

तुम्ही विचाराल, जीप का नाही? जीप त्या काळी खाजगी माणसाला परवडायची नाही, मिळायचीही नाही. काकांकडे दुसरी गाडी होती ती फियाट, आणि ती आत जायची नाही. इथे ती १९ इंची चाकं आली. बैलगाडीच्या वाटेला दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा असतो. फियाटचं लहान चाक चाकोरीत बसलं की पोट उंचवट्यावर टेकायचं. टी.सी. उंच चाकांवर, अरुंद, पावणेपाच फूट रुंदीची, शिवाय हलकी. अडकली तर चार माणसांनी उचलून बाजूला ठेवायची, आणि ते अतिशयोक्तीने म्हणत नाही, मी स्वतः उचलली आहे. एक मोठी कमजोरी होती. इंजिनाच्या खालचं तेलाचं भांडं ॲल्युमिनियमचं, दगड लागला की तडकणार. उस्तादांनी त्याखाली जुन्या लॉरीच्या सांगाड्यातला पत्रा कापून बसवला होता. तो दगडावर घासला की आवाज असा यायचा की माकडं झाडावरून पळायची.

ओढे ओलांडायची काकांची रीत ठरलेली. आधी मी बूट काढून चालत जाऊन खोली बघायची. गुडघ्याच्या खाली असेल तर पंख्याचा पट्टा सैल करायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. डिस्ट्रिब्युटरला फडकं गुंडाळायचं. आणि पहिल्या गिअरमध्ये एकदाही पाय न उचलता पलीकडे. पलीकडचा चढ ओला असला की चाकं फिरायची. मग माझं काम. टाकीवर चढून बसायचं आणि उड्या मारायच्या. मला वाटायचं ही काकांचीच युक्ती. क्रीम क्रॅकर्सबद्दल मी फार नंतर वाचलं.

उन्हाळ्यात वेगळा ताप. पेट्रोलचा पंप विजेचा, त्याची टिकटिक बंद झाली की थांबायचं. ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं सावलीत. तरीही चालू नाही झाला तर पान्याच्या मुठीने हलकेच ठोकायचं. असं ठोकताना काका रोग्याची पाठ ठोकून बघावी तसे कान लावून ऐकायचे.

ऑक्टोबर १९७६ चा शनिवार होता. तारीख वहीत होती, वही गेली. वटवर्लापल्लीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून चारेक मैल आत एक पेंटा आहे, तिथे पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. चार-पाच वर्षांची एक मुलगी झोपडीत पडलेली, दोन दिवस तापाने फणफणलेली, आणि दुपारपासून तिला झटके येत होते. डोळे उघडे, पण ओळख नाही. काकांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. त्यांनी जवळ होतं ते इंजेक्शन दिलं, अंग पुसून घेतलं. मग मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, ‘मेंदूत गेलाय. इथे सकाळ बघणार नाही. खाली न्यायला हवी.’

आता गणित असं. गाडीत जागा दोन. चालवणार काका. पोर मांडीवर धरायला कोणीतरी हवं, आणि झटका आला की तिला कुशीवर वळवायला हवं. आई पोर सोडायला तयार नव्हती, आणि ते बरोबरच होतं. तिचा नवरा म्हणत होता मी येतो. तो टाकीवर बसला असता, पण उतारावर ओढ्यात मागे वजन वाढलं तर पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग ऐकत नाही. टी.सी.चं स्टिअरिंग तसंही हट्टी. काकांनी त्याला समजावलं. मला काही समजवावं लागलं नाही, मी आधीच उतरलो होतो. माझी पिशवी, वही, गोळ्यांचा डबा खाली काढला. काकांनी एकच विचारलं, ‘राहशील ना?’ मी म्हटलं, ‘हौ.’

ती बाई त्याआधी कधी मोटारीत बसली नव्हती. दार कसं उघडतं ते तिला दाखवावं लागलं. अंधार पडायला आला होता. दिव्यांचा पिवळा उजेड झाडांवर हलत हलत गेला, पत्रा एकदा दगडावर घासल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं. ओढ्यापाशी ते एकदम खाली गेलं. आम्ही सगळे उभे होतो. मुलीचा बाप माझ्या शेजारी. मग आवाज पुन्हा चढला, म्हणजे पलीकडे गेली.

ती रात्र मी पेंट्यावर काढली. शेकोटी होती, त्यांनी मला मध दिला, कसल्यातरी भाजलेल्या कंदाबरोबर. मुलीचा बाप काही बोलला नाही आणि झोपलाही नाही. मला तेलुगू बँकेपुरतं येत होतं, म्हणजे ‘इथे अंगठा लावा’ एवढं, त्या रात्री ते काय उपयोगाचं? सकाळी दोघे चालत मुख्य रस्त्याला आलो, श्रीशैलम धरणाच्या कामावरच्या एका लॉरीने खाली गेलो. मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात होती, सलाईन लावलेली. जिवंत. आठवड्याने ती शुद्धीवर येऊन जेवायला लागली. एक कान कायमचा गेला. घाट उतरायला काकांना पावणेदोन तास लागले होते, आणि त्यात दोनदा थांबून त्यांनी मुलीची जीभ पाहिली होती. याबद्दल त्यांनी मला एवढंच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

याच्यावर कोणी बातमी दिली नाही, द्यावी असं कोणाला वाटलंही नाही. आता लिहितो आहे कारण मागे कोणीतरी इथेच लिहिलं होतं की स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांचे चोचले. असतीलही. पण ज्या गाडीत जागाच दोन, ती घेऊन जाणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं की दुसरी जागा कोणाची.

ऐंशीच्या दशकात हैदराबादेत ‘चारमिनार चॅलेंज’ ही मोटार रॅली व्हायची. आपल्या सिगारेटवाल्या चारमिनारची. काका तेव्हा साठी ओलांडलेले, तरी मला घेऊन गाड्या बघायला गेले. बहुतेक प्रीमियर पद्मिनी, आणि बंगळूरची ती फायबरची छोटी सिपानी डॉल्फिन. काका वाकून प्रत्येक गाडीच्या पोटाखाली बघत होते. एका पद्मिनीच्या तेलाच्या भांड्याखाली जाड पत्रा लावलेला दिसला, तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. उस्तादांचा पत्रा!

पुढे आपल्याकडेही अशा जुन्या धाटणीच्या दोन माणसांच्या गाड्या करायचे प्रयत्न झाले. गोव्यात वेर्ण्याला १९९८ च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ निघाली, उघड्या टपाची, रेनोच्या छोट्या इंजिनाची. आणि अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने ‘रोडस्टर’ काढली, दिसायला इंग्लंडच्या जुन्या लोटस सेव्हनसारखी, आणि पोटात इसुझूचं इंजिन, जे शेवटच्या काळातल्या ॲम्बॅसेडरना असायचं तेच. दोन्हींचा खप फारसा झाला नाही. बँकवाला म्हणून कारण सांगू? अशा गाडीवर कर्ज मागायला कोणी आला की पहिला प्रश्न पडायचा, हप्ता थकला तर ही विकायची कोणाला? पद्मिनीला गल्लीत दहा गिऱ्हाइकं. आमची बँकिंगची पुस्तकं त्या बाबतीत अगदी बरोबर होती, पण त्यामुळे रस्त्यावर एकसारख्याच गाड्या दिसतात हेही तेवढंच खरं.

२०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी आहे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अशी गाडी प्रदर्शनाला, व्हिंटेज रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते; रोजच्या वापराला नाही. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही, निदान जुन्या गाड्या भंगारात जायच्या वाचतील. पण मघाशी जातीविरुद्ध म्हटलं ते हेच. मन्ननूरच्या चौकीवरून रात्री वाहनं सोडत नाहीत, तेही वाघांसाठी योग्यच.

काका १९९० साली गेले. मुलं अमेरिकेत. १९९२ मध्ये गाडी विकायची ठरली आणि कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. मुंबईहून एका संग्राहकाचा माणूस तपासणीला आला. गोरागोमटा, नीटनेटका, हातात मूळ भागांची इंग्रजी पुस्तिका. दोन दिवस त्याने गाडी तपासली आणि किंमत पाडण्यासाठी एक यादी केली, ‘मूळचे नसलेले भाग’. त्याची कार्बन प्रत अजून माझ्याकडे आहे. इंजिनाचे सतरा बोल्ट, स्थानिक बनावटीचे. तेलाच्या भांड्याखाली लोखंडी पत्रा, गंजलेला, काढून टाकावा. पायाखालच्या फळ्या सागवानी, मूळच्या प्लायवूडच्या. डाव्या दिव्याची काच दुसऱ्या गाडीची. हॉर्न ॲम्बॅसेडरचा. पेट्रोलच्या नळीभोवती गोणपाटाचे अवशेष. टाकीच्या वरच्या कडेला पोचा, कारण अज्ञात. आणि सगळ्यात शेवटी, आठ नंबरला, डाव्या आसनाचं कातडं मूळचं नाही, रेक्झिन, साधारण १९७६ चं.